हाताच्या मापाचं

२०१२ च्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक लाख साठ हजार रुपये आले आणि पिस्तुलं दोन घ्यायची होती. एक मला, एक धाकटीला. दोन्ही त्या पैशात बसत नव्हती.

पैसे आले ते रस्त्याकडेची जमीन रुंदीकरणात गेली म्हणून. राधानगरी तालुक्यातलं आमचं गाव, पोटापुरता ऊस, थोडं भात. मोबदला मिळाल्यावर आबांनी सोप्यात बसून वाटण्या केल्या. घरावरची जुनी कौलं उतरवायला एवढे, नदीवरनं पाइपलाइन ओढायला एवढे. उरलेली पुडकी आम्हा भावंडांच्या पुढं सरकवली आणि म्हणाले, "ह्ये तुमा दोघांचं. काय करायचं त्ये करा. पर भांडू नगा."

दुसऱ्या कुठल्या घरात पोरानं मोटरसायकल मागितली असती आणि पोरीनं शिलाई मशीन. आमच्यात दोघांनीही पिस्तूल मागितलं. आई चुलीपुढनं म्हणाली, "औंदा घरात गवा शिरलाय जणू."

गव्याचं तिच्या तोंडात आलं ते उगीच नव्हे. दाजीपूरच्या जंगलातनं उतरलेला कळप एका रात्रीत अर्धा एकर कोवळा ऊस लोळवून जातो. त्यासाठी आमच्या आज्ज्याकडं पीक संरक्षणाच्या परवान्यावर एक ठासणीची बंदूक होती. नळीत दारू घालायची, वर चिंध्या ठासायच्या, टोपी चढवायची आणि आभाळाकडं तोंड करून बार काढायचा. गव्याला मारायचं नसतं, नुसतं हुसकावायचं असतं. ती बंदूक माजघरात खुंटीला असायची आणि दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आज्जा ती पोत्यात गुंडाळून एसटीनं घेऊन जायचा, पावती धोतराच्या सोग्यात बांधून परत यायचा. मला लहानपणी वाटायचं की मतदान होईस्तोवर सरकार आमच्या आज्ज्याला भितं. बंदुकीचं माझं वेड तिथनं सुरू झालं असावं.

मी २०१० साली ग्रामपंचायतीत निवडून आलो. वय सव्वीस. त्या वेळी आमच्या भागात एक ढंग होता, अजूनही आहे. लग्नाच्या मांडवात पांढरी कापडं घातलेली चार माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसायची आणि त्यातला एखादा मधनंच कमरेवर हात ठेवायचा. शर्ट जरा वर व्हायचा आणि चामड्याच्या कव्हरातली मूठ दिसायची. दिसली की हात खाली. बस्स, तेवढ्यासाठीच सगळं असायचं. मलाही ती मूठ माझ्या कमरेला हवी होती. त्यापलीकडं काही कारण होतं असं आज सांगितलं तर खोटं होईल.

मी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात "जीवितास धोका" असं लिहिलं. चौकशीला हवालदार घरी आले. चहा झाला. त्यांनी विचारलं, "धोका कुणापासनं म्हणायचा?" मी "राजकीय वैमनस्य" वगैरे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात आतनं आई म्हणाली, "त्येला कुणाचा वो धोका? रात्री अकराला घरी येतोय, घोर आमाला असतोय." हवालदार बशीत बघत हसले. कागद मात्र पुढं गेले.

त्या मधल्या काळात मी मित्रांबरोबर एका शस्त्रांच्या दुकानात जाऊन आलो. काउंटरवर मखमलीचं कापड अंथरून मालकांनी दोन वस्तू ठेवल्या. एक कानपूरच्या कारखान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं, मधनं मोडून उघडणारं. दुसरं ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं बत्तीस बोअरचं पिस्तूल. ते म्हणाले, सामान्य माणसाला नऊ एमएम मिळत नाही, ते निषिद्ध बोअर. परदेशी बनावटीची म्हणाल तर ऐंशीच्या दशकात सामान्यांसाठी आयात बंद झाली. त्याआधी आलेली जुनी वेब्ली आणि कोल्ट हातोहात फिरतात आणि त्यांचा भाव कैक लाखात. म्हणजे मधल्या पैशातल्या माणसाला निवड एवढीच, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल. गोळ्या खडकीच्या कारखान्याच्या.

"रिव्हॉल्व्हरला कुरकूर कमी," ते म्हणाले. "एखादी गोळी नाही उडाली तर परत चाप ओढायचा, पुढची येते. पिस्तूल चपटं, कमरेला बसतं, पण त्याची निगा ठेवावी लागते. तुम्हाला कशासाठी पाहिजे?"

मी मित्रांकडं बघितलं, मित्रांनी माझ्याकडं. एकजण म्हणाला, "असावं म्हणून."

मालकांनी मान हलवली. असली गिऱ्हाइकं त्यांना रोजची असणार. "मग पिस्तूल घ्या," म्हणाले, "चपटं असतं." मी हातात घेतलं, आरशात बघितलं. काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं. पॉलिश चांगली होती.

आता धाकटीचं सांगतो. ती कोल्हापुरात कॉलेजला होती, तिथं एनसीसीत होती. एनसीसीत पॉइंट टू-टूची रायफल हातात आली आणि पोरीचा नेम बसला. त्याच सुमाराला, २०१० च्या ऑगस्टात, तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली. त्याच्या आधीपासनं राही सरनोबत पिस्तुलात नाव काढत होती. दोघी कोल्हापूरच्या. आमच्या गावातल्या माणसाला कुस्तीचा आखाडा ठाऊक, तालीम ठाऊक. पण पोरी बंदुकीनं जग जिंकतात हे त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. धाकटी दुधाळीच्या रेंजवर जायला लागली. आधी दहा मीटरचं एअर पिस्तूल, त्याला परवाना लागत नाही. मग पंचवीस मीटर. तिथं खरी गोळी, पॉइंट टू-टूची, आणि सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल.

मला वाटायचं, पिस्तूल म्हणजे पिस्तूल. एकदा ती घरी क्लबचं पिस्तूल साफ करत बसली होती. परवान्याचे सर जीपमधनं सोडून गेले होते, तासाभरानं परत न्यायला येणार होते. मी सहज उचललं आणि खिडकीतनं समोरच्या चिंचेवर नेम धरला.

"दादा! नळी खाली!"

एवढ्या मोठ्यानं ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. मी म्हणालो, "रिकामं हाय की."

"रिकामं हाय ह्ये मला म्हाईत हाय. तुला म्हाईत न्हवतं. तू उघडून बघितलं न्हाईस." तिनं माझ्या हातातनं काढून घेतलं, मॅगझिन बाहेर, कप्पा उघडा, नळी भिंतीकडं. "हातात घेतलं की ते भरलेलंच हाय असं समजायचं. रोज. दर वेळी."

मी पंचायतीचा मेंबर. वरमलो, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

त्या वर्षी बालेवाडीला राज्य स्पर्धा होती. मी ड्रायव्हर म्हणून गेलो, कारण गाडी माझ्या मित्राची. पंचवीस मीटरची स्पर्धा मी पहिल्यांदाच बघत होतो. साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस सावकाश, पाच-पाचच्या फेऱ्यांत, प्रत्येक फेरीला पाच मिनिटं. त्यातला दहाचा गोल फक्त पाच सेंटिमीटरचा, आमच्या गूळभेंडीपेक्षा लहान, तोही पंचवीस मीटरवर. दुसऱ्या तीस जलद. त्यांचं लक्ष्य मोठं, पण ते तीन सेकंदांसाठी समोर येतं आणि सात सेकंदांसाठी जातं. हात खाली तिरका धरून उभं राहायचं, लक्ष्य वळलं की उचलायचा, नेम, एक गोळी, परत हात खाली. असं पाच वेळा. एका हातानं. दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात.

पहिल्या टप्प्यात ती चांगली चालली होती. सर दुर्बिणीतनं बघून बोटं दाखवत होते. दुसऱ्या टप्प्याच्या दुसऱ्या फेरीत तिसरी गोळी सुटली आणि चौथ्या वेळी हात वर गेला, पण आवाजच झाला नाही. तिनं दुसरा हात वर केला. पंच आले. रिकामं काडतूस बाहेर पडायच्या जागी उभं अडकलं होतं, चुलीच्या धुराड्यासारखं. त्यांनी बघितलं, लिहून घेतलं, परत संधी दिली. ती परत उभी राहिली. एक फेरी गेली. त्याच्या पुढच्या फेरीत पिस्तूल परत अडकलं. ह्या वेळी ज्या गोळ्या सुटल्या नाहीत त्या गेल्या त्या गेल्याच.

मी काचेच्या मागं उभा होतो. आता ती पिस्तूल आपटेल, असं मला वाटलं. मी आपटलं असतं. तिनं कप्पा उघडला, सगळं रीतसर दाखवलं, मग पाठीमागच्या टेबलावर नेऊन पुसलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसलं. मग खोक्यात घालून सरांच्या हातात दिलं आणि "थँक्यू सर" म्हणाली.

खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत कुणी बोललं नाही. साताऱ्याच्या पुढं वडापावला थांबलो, तेव्हा मीच म्हणालो, "असलं भंगार पिस्तूल देत्यात व्हय?"

"पिस्तूल भंगार न्हाई दादा," ती म्हणाली. "त्ये दहा जणांच्या हातातनं येतंय. एकजण एक गोळी वापरतो, दुसरा दुसरी. एकजण पुसतो, एकजण पुसत न्हाई. माझा हात बारका, मूठ मोठी. त्ये माझ्या हाताचं न्हवंच." मग वडापावचा कागद चुरगळत म्हणाली, "ह्याच्या फुडं मी जातो का न्हाई, त्ये ह्याच्यावरच हाय." आमच्याकडच्या पोरी जातो-येतोच बोलतात. त्या दिवशी ते वाक्य माझ्या कानात राहिलं.

घरी आल्यावर पैशाचा विषय निघाला. मी लगेच उदार झालो असं नाही. महिनाभर मी धुमसत होतो. माझी रक्कम, माझा अर्ज, माझा मान. पण एक गोष्ट केली. तिचं पिस्तूल कसलं असतं ते बघायला मी रेंजवर गेलो. मनात असं की महागड्या वस्तूचं खूळ असेल तर बोलायला बरं.

सरांनी मला बसवलं आणि टेबलावर तीन पिस्तुलं ठेवली, तिन्ही तीन वेगवेगळ्या नेमबाजांची. आधी म्हणाले, "सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे भडाभडा उडणारं नव्हे. ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी. फक्त गोळी सुटताना जो धक्का बसतो, त्यानंच मागचा ठोकळा मागं जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो, स्प्रिंगनं पुढं येताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत ढकलतो. माणसाला फक्त नेम धरायचं काम उरतं. म्हणून ह्या धक्क्याला आणि स्प्रिंगला पटेल अशीच गोळी लागते. नाहीतर बालेवाडीला बघितलं तसं होतं."

पहिलं पार्दिनी, इटलीचं. मोठमोठे नेमबाज तेच वापरतात, आणि नवीन घ्यायचं तर आमच्या रकमेबाहेर. दुसरं हॅमर्लीचं एक्स-एसे, नाव मूळ स्वित्झर्लंडचं. त्यात गोळ्या मुठीतच भरायच्या. तिघांत स्वस्त. नव्यानं शिकणाऱ्याला पुरतं. तिसरं वाल्थर जीएसपी, जर्मन. दिसायला अगदी वेडंविद्रं, चौकोनी, एखाद्या सुताराच्या हत्यारासारखं. त्याचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढं. मला ते बघून हसू आलं. कमरेला लावलं असतं तर लोक म्हणाले असते, ड्रिल मशीन लावून आलाय.

सर म्हणाले, "दिसायचं सोडा. आता बघा."

त्यांनी एक किलोचं वजन काढलं, वाण्याकडं असतं तसलं, वर तार बांधलेली. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, नळी वर करून ट्रिगरला ते वजन अडकवलं आणि हळूहळू उचललं. वजन उचललं गेलं, ट्रिगर सुटला नाही. "एक हजार ग्रॅमच्या खाली सुटला तर पंच स्पर्धेत घेत नाहीत. फार जड असेल तर तीन सेकंदांत हात हलतो. हजाराच्या जवळ, आणि दर वेळी त्याच जागी सुटणारा पाहिजे. ट्रिगर कळला की अर्धं पिस्तूल कळलं."

मग वजन. गोळ्या न भरता चौदाशे ग्रॅमच्या वर चालत नाही. पण तेवढं कशाला, साठ वेळा हात लांब करून उचलायचं आहे. वजन पुढं असलं तर नळी डुलत नाही, फार पुढं असलं तर खांदा भरतो. मग मूठ. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, बोटांच्या खाचा असलेली, खाली तळव्याला टेकू. लहान, मध्यम, मोठी अशी मापं. "चप्पल मागवताना पाय कागदावर आखतात ना, तसा हात आखायचा. एअर पिस्तुलाच्या मुठीचा कोन आणि ह्याचा कोन जुळला पाहिजे. नाहीतर रोज हाताला नव्यानं शिकवावं लागतं."

शेवटी त्यांनी मला आकडे विचारले. मी सांगितले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. "सगळी रक्कम पिस्तुलात घालू नका. पिस्तूल एकदा घ्यायचं, गोळी रोज. दिवसाला शंभर, आठवड्याचे चार दिवस, म्हणजे चारशे. एकेका गोळीला दहा रुपये धरा. मॅगझिनं जास्तीची दोन. फायरिंग पिन, स्प्रिंगा जवळ ठेवायच्या. तुमच्या रकमेतले एक लाख पिस्तुलाला, उरलेले बाकीच्याला. म्हणजे एकतर नवीन हॅमर्ली, नाहीतर वापरलेलं पण जपलेलं जीएसपी."

दुकानात मला "कशासाठी" विचारलं तेव्हा मी आरशात बघितलं होतं. इथं तोच प्रश्न न विचारता सगळीकडं होता. प्रत्येक मापाला कारण होतं.

घरी येऊन मी आबांना हे सांगितलं. आबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वापरल्यालं घ्या." मी म्हणालो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? म्हणाले, "बैल घेताना शिंगं रंगवल्याली बघून घेतो का आपण? दात बघायचं, खूर बघायचं, आन औताला जुपून चार तासं मारून बघायचं. दावणीला कसा व्हता त्ये मालकाच्या घरी जाऊन बघायचं. नवा खोंड दिसाय झ्याक, पर जुपल्याबिगर काय कळतंय? आन फुडं, त्यो माझ्या हाताला चालतोय का त्ये मीच बघायचं. दलालानं न्हवं."

तीस वर्षं आमच्या दावणीला आबांनी घेतलेला बैल कधी आडवा गेला नाही. मला तो माणूस काही बोलतोय असं पहिल्यांदा वाटलं.

त्याच आठवड्यात माझा परवाना मंजूर झाल्याचं कळलं. मित्र पेढे घेऊन आले. परवान्यावर ठराविक मुदतीत हत्यार घ्यायचं असतं. मी ते पुस्तक हातात घेऊन सोप्यात बसलो. धाकटी काहीच बोलली नाही, ती पापड लाटायला आईजवळ बसली होती. तिनं मागितलं असतं तर कदाचित मी भांडलो असतो. मागितलं नाही, तेच अवघड झालं. रात्री मी तिला म्हणालो, "बारके, हात दे."

"कशाला?"

"दे म्हणतोय तर."

माझ्या ऊसबिलाच्या वहीतला एक कागद फाडला, तिचा उजवा हात त्यावर ठेवला आणि पेन्सिलीनं आखला. अंगठ्याजवळ पेन्सिल गेली तशी ती हसली, गुदगुल्या झाल्या म्हणाली. मग तिला कळलं. एकदम गप्प झाली. आई म्हणाली, "पापड करपायला लागला की गं."

पुण्यातल्या एका नेमबाज बाईंनी जीएसपी काढायचं ठरवलं होतं. त्यांनी नवीन पार्दिनी मागवलं होतं. असलं पिस्तूल कुणालाही विकत घेता येत नाही. धाकटीला एकवीस पूर्ण झाली होती, राष्ट्रीय स्पर्धेत लागणारे गुण तिनं केले होते, त्याचे कागद होते. परवाना, नोंदी, हस्तांतर ह्यात चार महिने गेले. पण त्याआधी आम्ही आबांच्या सांगण्याप्रमाणं मालकाच्या घरी गेलो. आबाही आले. कोशा पटका बांधून.

बाईंनी खोकं उघडलं. आत पिस्तूल, तीन मॅगझिनं, ब्रश, तेलाची बारकी बाटली आणि एक वही. त्या वहीत किती गोळ्या कधी उडवल्या, स्प्रिंग कधी बदलली, कुठली गोळी चालते, कुठली अडकते, सगळं तारीखवार लिहिलेलं. आबांनी पिस्तुलाकडं नंतर बघितलं, आधी वही बघितली. वाचता येत नव्हती, इंग्रजीत होती. पण पानं उलटून म्हणाले, "दावण झाडल्याली हाय."

मग रेंजवर. सरांनी सांगितलेलं एकेक बघितलं. ट्रिगरचा भाग सुटा काढून परत बसवला. किलोचं वजन लावलं. काडतूस बाहेर ओढणारा आकडा झिजलाय का, फायरिंग पिनचा ठसा काडतुसाच्या कडेवर एकसारखा उमटतो का, मॅगझिनचे ओठ वाकलेत का. मग धाकटीनं दीडशे गोळ्या उडवल्या, पन्नास सावकाश आणि शंभर तीन-तीन सेकंदांत. एकही अडकली नाही. गोळ्यांच्या आवाजापेक्षा मी बाहेर पडणारी रिकामी काडतुसं मोजत होतो. सगळी एकाच बाजूला, एकाच जागी, कणसातनं दाणे गळावेत तशी पडत होती.

मूठ मात्र तिला मोठी झाली. बाई म्हणाल्या, "ही माझ्या हाताची. तुला घासून घ्यावी लागेल, नाहीतर लाकडाचं पुटिंग लावून भरावी लागेल." व्यवहार एक लाख पाच हजाराला ठरला. परत येताना आबा म्हणाले, "मुठीचं मी बघतो."

आबांनी खुरप्याचे, कुऱ्हाडीचे दांडे आयुष्यभर घासले होते. तो आखलेला हात समोर ठेवून, कानशीनं आणि काचपेपरनं, रोज थोडं घासायचे, धाकटीच्या हातात द्यायचे, "कुठं बोचतंय?" विचारायचे, परत घासायचे. जिथं कमी पडलं तिथं पुटिंग लावलं. आठ दिवसांनी ती म्हणाली, "आता डोळं मिटून धरलं तरी नळी जिथल्या तिथं येतीया." कागदावरची मूठ आणि लाकडाची मूठ तेव्हा जुळली.

मी माझ्या परवान्यावर काही घेतलं नाही. मुदत संपू दिली. मित्र म्हणाले, "मर्दा, गमावलंस की." दोन-तीन लग्नांत मला माझी रिकामी कमर जाणवली, हेही खरं. पुढच्या निवडणुकीत मी पडलो. त्याचा पिस्तुलाशी काही संबंध नव्हता.

पंचावन्न हजार उरले होते. परवान्याचा आणि येण्याजाण्याचा खर्च वजा जाता जे राहिलं, ते आठवड्याला चारशे गोळ्यांच्या हिशोबानं अडीच-तीन महिन्यांत संपलं असतं. म्हणून ती रेंजवर दोनच दिवस उडवायची आणि बाकीचे दिवस माजघरात कोरडा सराव करायची. पॉइंट टू-टूचा ट्रिगर रिकाम्या कप्प्यावर ओढला तर पिन नळीच्या कडेवर आपटते, म्हणून आत प्लास्टिकचं खोटं काडतूस. समोर भिंतीवर काळा ठिपका. आज्ज्याच्या बंदुकीची खुंटी त्याच भिंतीला. आई पीठ मळताना घड्याळाकडं बघून मोजायची, "एक... दोन... तीन. हात खाली." तीन सेकंदांचं आईचं मोजणं सरांच्या यंत्रापेक्षा जरा लांबायचं. धाकटी म्हणायची, "आई, तुझ्याबरोबर मी कायम जिंकतो."

एप्रिल २०१३ ला राही सरनोबतनं कोरियात चांगवनला ह्याच प्रकारात वर्ल्ड कपचं सुवर्ण मारलं. पंचवीस मीटर पिस्तुलात वर्ल्ड कप जिंकणारी ती पहिली भारतीय. आमच्या पारावर टीव्हीच्या बातम्या बघताना लोक माझ्याकडं वळून विचारायला लागले, "तीन सेकंदांचं म्हणजे कसं रं?" आणि मी उभा राहून, हात तिरका धरून, दाखवायला लागलो. डावा हात पट्ट्यात. शर्ट जरा वर झाला होता. कमरेला काही नव्हतं.

धाकटी भारताच्या संघात गेली नाही. राज्यात पदकं मिळाली. राष्ट्रीय स्पर्धेत ती अंतिम फेरीच्या आठात कधी आली नाही. पुढं तिनं पोलीस भरतीची परीक्षा दिली, आता साताऱ्याकडं नोकरीला आहे, सुट्टीला तिथल्या पोरींना शिकवते. पिस्तूल तिच्याकडंच आहे. तिनंही एक वही ठेवली आहे, मराठीत. तिच्या पिस्तुलानं पुढं एकदाही दगा दिला नाही असं ती म्हणते. नाही म्हणायला एकदा स्प्रिंग बदलायची राहिली होती आणि तिनं मला फोन करून स्वतःलाच शिव्या घातल्या.

आबा गेले त्याला आता चार वर्षं झाली. त्यांच्या कानशीच्या डब्यात मुठीचा उरलेला भुसा सापडला, पुडी बांधलेला. का ठेवला होता, कुणास ठाऊक. मी तो टाकला नाही. आणि ऊसबिलाच्या वहीत तो कागद अजून आहे, पेन्सिलीनं आखलेला उजवा हात, अंगठ्याजवळ रेघ जरा थरथरलेली. मागच्या बाजूला त्या वर्षीच्या टनेजचा हिशोब आहे. कारखान्याचं बिल शोधायला वही काढली की आधी तो हातच वर येतो.